दरबार आणि भाकर

गेल्या वर्षी बी. ए.च्या वर्गाला ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या गद्याचे जे कौतुक प्रस्थापित समीक्षेने केले आहे तेच मीही करीत होतो. निरागसता, विनोद, बोलीचा गोडवा वगैरे. मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, “सर, यात टिळक हायेत, साहेब-मडमा हायेत. नगर जिल्ह्यातल्या देवळात सतरंजीवर बसणारी आमची माणसं यात कुठं बसलीत?” मला उत्तर देता आले नाही. मी स्वतः त्याच सतरंजीवरून उठून आलेला. माझी आजी महारवाड्यातली ख्रिस्ती बाई. तिला अक्षरओळख नव्हती, पण टिळकांचे अभंग तिला खुरपताना पाठ असत. म्हणजे प्रश्न पोराने मला विचारला नव्हता, माझ्या शिकवण्याला विचारला होता.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास आपण वाचतो तो बहुतांशी ब्राह्मण धर्मांतरितांचा इतिहास आहे. बाबा पदमनजी कासार, हा एक अपवाद सोडला तर पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई ही नावे पुढे येतात. अहमदनगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यांच्या जिवावर उभ्या राहिल्या ते महार-मांग मात्र या साहित्यात बहुधा समुदाय म्हणूनच येतात. त्यांना दुष्काळ आहे, गर्दी आहे, पण मन नाही. आत्मिक थकवा यायला आधी मन असावे लागते. म्हणून मला वाटते, ख्रिस्ती श्रद्धेतून थकल्या माणसाला पुन्हा आशा कशी मिळते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने जातीशिवाय विचारूच नये. थकवा कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे.

टिळकांचा थकवा खरा होता, त्यात मला शंका नाही. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी वीसेक वर्षे मिशनच्या चाकरीत राहिला. मिशनचा पगार, मिशनची शिस्त, साहेबाच्या चालीवरची उपासना, यांत ख्रिस्त परका होत चालला आहे, ही त्यांची वेदना होती. १९१७ साली त्यांनी मिशन सोडले, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. अवघी दोन वर्षे. पण त्या दोन वर्षांत विझत आलेला माणूस पुन्हा पेटलेला दिसतो. पगार सोडून पन्नाशी उलटल्यावर रस्त्यावर येणे ही काही कवीकल्पना नव्हे. हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

टिळकांना नवी आशा मिळाली ती ख्रिस्ताला मराठी करण्यातून. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू होतो, माउली होतो. ‘ख्रिस्तायन’ या नावातच रामायणाचा साचा आहे. टिळकांनी अर्धवट सोडलेले ते काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. आपल्या समीक्षकांना या मराठीकरणाचे फार अप्रूप. पण कोणते मराठी? पंढरीच्या वाटेवर तुकारामाच्या आधी चोखामेळा उभा आहे, आणि त्याची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. चोखोबाच्या बाजूने ख्रिस्ताकडे गेले तर गुरू आणि माउली यांच्या आधी दुसरीच गोष्ट दिसते. येशूला गावात मारले नाही, वेशीबाहेर नेऊन मारले. हे पवित्र शास्त्रातच आहे, मी घुसडलेले नाही. वेशीबाहेर म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागते? महारवाड्याला तरी नाही.

आणि तो ‘दरबार’ शब्द! टिळकांच्या मनात समतेचा दरबार होता, हे मला कळते. पण शब्दाला इतिहास असतो. दरबार म्हटला की आमच्या वाटणीला जोहार येतो, तोही लांबून. ज्याच्या आज्याने दारात उभे राहून हाक दिली त्याला देवाच्या दरबारात बसायला सांगितले तर तो आधी आपली जागा शोधील, मग देव.

याउलट लक्ष्मीबाई. ही बाई नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झाली, वेगळी राहिली, परत आली तरी सोवळे सांभाळीत राहिली. जातीचा विटाळ तिच्या मनातून गेला तो राहुरीला, आणि बाप्तिस्म्याच्या आधी. कोणी प्रवचन दिले म्हणून नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा हिशेब तिने स्वतःशीच केला आणि मग कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचे ठरवले. ‘स्मृतिचित्रे’तला हा भाग आम्ही विनोदाच्या नादात भरभर शिकवतो. माझ्या मते या पुस्तकातली खरी पुनरुत्थानाची घटना हीच. थकलेल्या, चिडलेल्या, एकट्या पडलेल्या बाईला नवे आयुष्य मिळते ते पाण्याच्या भांड्यापाशी. इथे मी लक्ष्मीबाईंना टिळकांपेक्षा मोठे मानतो. त्या नेसत्या लुगड्यासकट ब्राह्मण होत्या, हे न विसरता मानतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटी अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे येतात. आशा होती, ती संपली, असे सांगत ते थकून गाव सोडून चालले आहेत. येशू त्यांच्याबरोबर चालतो, शास्त्र उलगडून सांगतो. तरी ते त्याला ओळखीत नाहीत. ओळखतात केव्हा? तो जेवायला बसून भाकर मोडतो तेव्हा. मग त्याच रात्री उठून ते यरुशलेमला परत जातात. ज्या देशात रोटीव्यवहारावर धर्म उभा आहे त्या देशात या कथेवर किती लिहायला हवे होते! अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरला शूद्रांच्या धर्मशास्त्राचा मुद्दा मांडला, त्यातून पुढे दलित ख्रिस्ती धर्मशास्त्र उभे राहिले आणि येशूलाच दलित म्हणण्याचे धैर्य आले. मराठी वाङ्मयसमीक्षेने मात्र त्याची फारशी दखल घेतलेली मला दिसली नाही.

पण भाकर मोडली म्हणून जात मोडली, असे मी म्हणणार नाही. तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची मढी वेगळी ठेवायला भिंत घातली गेली. धर्मांतरित ख्रिस्त्यांची स्थिती तपासताना बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: धर्मांतराने त्यांची जात गेली नाही, आणि राजकीय लढ्यातही ते उतरले नाहीत. हा आरोप आम्हाला झोंबतो, कारण तो खरा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा म्हटले. २०२२ साली याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेला. माझ्या दाखल्यावर वडिलांनी ‘ख्रिश्चन’ लिहिले. गावाने आम्हाला महारच म्हटले. शिक्षणाच्या काळात कितीदा तरी मी वडिलांवर चिडलो. एका कचेरीच्या खिडकीवर कारकून हसून म्हणाला होता, “देव बदललात, आता त्यालाच मागा.”

त्या दिवशी मी देवळात जायचे सोडले. सहा-सात वर्षे गेलो नाही. परत गेलो तो आजीच्या मातीला. पाळक काय बोलले ते आठवत नाही. माती झाल्यावर घरासमोर जेवण होते. आमची भावकी, बौद्धवाड्यातली मंडळी, मांगवाड्यातल्या दोन म्हाताऱ्या, सगळ्यांनी एकाच परातीतली भाकर घेतली. मांगवाड्यातली एक म्हातारी म्हणाली, “तुझी आजी पहिली. आमच्या घरी येऊन जेवली, तवा तुमच्याच लोकांनी तिला बोल लावला.” हे मला कोणी सांगितले नव्हते. महारांतही उतरंड होती, आणि आजीने ती जेवून मोडली होती. माझ्यापुरता ख्रिस्त तिथे ओळखू आला. आशा म्हणजे एवढीच असेल तर ती थोडी आहे, पण खोटी नाही.

यंदा मी त्या वर्गाला राहुरीचे प्रकरण आणि अम्माऊसची कथा शेजारी ठेवून वाचायला दिली. मागच्या बाकावरच्या पोराने पानभर लिहून आणले. टिळकांविषयी त्यात एक ओळही नाही. त्याच्या गावातल्या देवळात प्रभुभोजनाचा पेला आधी कोणापाशी जातो आणि शेवटी कोणापाशी, हे त्याने ओळीने, आळीवार लिहिले आहे. त्याला गुण किती द्यावेत, ते अजून ठरवलेले नाही.