१९.३८ : आकडा खरा, पण कशाचा?

मोटारीच्या जाहिरातीत एक आकडा ठळक असतो आणि त्याच्या खाली एक ओळ बारीक असते. आकडा सर्वजण वाचतात. ओळ सहसा कोणी वाचत नाही. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, तशी ‘मायलेज’च्या आकड्याचीही व्हायला हवी असे आम्हांला वाटते. कारण हा आकडा म्हणजे एका प्रयोगाचा निष्कर्ष असतो आणि लाखो रुपयांचे निर्णय त्यावर घेतले जातात. प्रयोग कसा केला हे न विचारता निष्कर्ष स्वीकारू नये, हे आपण वर्गात शिकवतो. मग हा निष्कर्ष अपवाद का ठरावा?

मारुती सुझुकीने २०२२ साली बाजारात आणलेल्या ग्रँड विटारा या गाडीचे उदाहरण घेऊ. दीड लिटरचे तेच पेट्रोल इंजिन, हाताने बदलायचे गियर, आणि दोन प्रकार. एकात इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते, दुसऱ्यात गरजेप्रमाणे चारही चाकांना. त्या वेळी जाहीर झालेले आकडे असे होते : पहिल्याचा लिटरला २१.११ किलोमीटर, दुसऱ्याचा १९.३८ किलोमीटर. सातारा-सांगलीकडच्या ज्या कुटुंबाचे शेत कृष्णाकाठच्या काळ्या मातीत आहे, किंवा घर जावळी-पाटणच्या डोंगरात आहे, त्याला प्रश्न पडणारच : चारही चाकांची ताकद घ्यावी का, आणि ती पेट्रोलला किती महाग पडेल? १९.३८ हे या प्रश्नाचे उत्तर आहे का?

त्यासाठी आधी ती बारीक ओळ वाचू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला हा आकडा आहे, असे ती सांगते. पुण्याची एआरएआय ही अशा मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी एका खोलीत रुळांवर उभी असते. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. खोलीचे तापमान २० ते ३० अंश सेल्सिअस ठेवलेले असते आणि वातानुकूलन बंद असते. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाचा आलेख सरकत असतो आणि त्याबरहुकूम त्याला गाडी चालवावी लागते. हा आलेख ११८० सेकंदांचा. त्यात सुमारे साडेदहा किलोमीटर अंतर कापले जाते, म्हणजे सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. कमाल वेग ताशी ९०. शहरी भागात शून्यावरून ५० पर्यंत पोहोचायला २६ सेकंद दिलेले आहेत. इतक्या सबुरीने गाडी पळवणारा चालक आपल्याकडे शोधावाच लागेल!

गंमत म्हणजे या चाचणीत पेट्रोलही मापाने मोजत नाहीत. धुराड्यातून निघालेला वायू गोळा करून त्यातील कार्बन मोजतात. इंधनात जेवढा कार्बन होता तेवढाच धुरात निघणार, या हिशेबाने किती इंधन जळले ते काढतात. द्रव्याच्या अविनाशित्वाचे याहून चांगले उदाहरण नववी-दहावीच्या वर्गाला क्वचितच मिळेल. चाचणी शास्त्रशुद्ध आहे, पुन्हा केली तर जवळपास तेच उत्तर देते, आणि सर्व गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका असते. तुलनेसाठी ती योग्यच आहे. आमची तक्रार चाचणीबद्दल नाही. तुलनेसाठी काढलेला आकडा भाकीत म्हणून विकला जातो, याबद्दल आहे.

त्या खोलीत काय नसते ते पाहू. पहिली गोष्ट, चढ नसतो. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंचीवर आहे आणि कास पठार सुमारे १२०० मीटर. अंतर साधारण २५ किलोमीटर. माणसांसह गाडीचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम धरले, तर ती ४६० मीटर वर चढवायला लागणारी ऊर्जा १६०० × ९.८ × ४६०, म्हणजे सुमारे ७.२ मेगाज्यूल. हल्लीच्या एक लिटर पेट्रोलमध्ये ३० मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. तिच्यातला एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो असे समजू, म्हणजे १० मेगाज्यूल. तेव्हा केवळ चढण्यासाठी सुमारे पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागेल. सपाटीवर लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी हे अंतर १.६७ लिटरमध्ये कापते. कासच्या वाटेवर तिला सुमारे २.४ लिटर लागतील. मायलेज झाले साडेदहा! गाडीत काही बिघाड नाही, चालकाचा दोष नाही, पेट्रोलपंपावर लबाडी नाही; पेट्रोल गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध काम करण्यात खर्च झाले. उतरताना यातले काही परत मिळते, पण वळणावळणावर ब्रेक दाबला की उरलेली ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते.

चढ डोळ्यांना दिसत नाही अशा रस्त्यावरही तो असतो. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा या मार्गाने सांगली सुमारे १२० किलोमीटर. सांगलीची उंची सुमारे ५५० मीटर. म्हणजे जाताना गाडी कृष्णेच्या सोबतीने नकळत १९० मीटर उतरते आणि येताना तेवढीच चढते. वरचेच गणित केले तर हा फरक सुमारे ३ मेगाज्यूलचा, म्हणजे ०.३ लिटरचा. सपाटीवर या अंतराला ८ लिटर लागतील असे धरले, तर जाताना ७.७ आणि येताना ८.३ लिटर. त्याच गाडीचे, त्याच चालकाचे मायलेज जाताना १५.६ आणि येताना १४.५! साताऱ्याच्या माणसाने सांगलीला जाऊन ‘माझी गाडी साडेपंधरा देते’ म्हणावे आणि सांगलीकराने साताऱ्याला येऊन ‘माझी साडेचौदाच देते’ म्हणावे. दोघेही खरेच बोलत असतील.

दुसरी गोष्ट, वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला, तर तो दीडपटीहून जास्त होतो. उंच, रुंद कुटुंबवत्सल गाडी हवेला जास्त छाती दाखवते, म्हणून तिला हा दंड मोठा. आपल्या चौपदरी महामार्गांवर मोटारीला १०० ची मर्यादा आहे. चाचणी ९० वर थांबते.

तिसरी गोष्ट, वातानुकूलन. समजा, त्यासाठी तासाला अर्धा लिटर पेट्रोल लागते. ताशी ८० च्या वेगाने जाताना हा खर्च १०० किलोमीटरला सुमारे ०.६ लिटर पडेल. पण एप्रिलच्या उन्हात, उसाच्या ट्रॉल्यांमागून किंवा बाजारपेठेच्या गर्दीतून ताशी २० ने सरकताना तोच खर्च १०० किलोमीटरला अडीच लिटर होतो.

चौथी गोष्ट आपल्या शिवारातलीच आहे. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते बनवण्यात सातारा-सांगलीच्या उसाचाही वाटा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. मिश्रणातली ऊर्जा त्यामुळे लिटरमागे सुमारे ७ टक्क्यांनी कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के. हे धोरण योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण ‘लिटर’ हे आकारमानाचे एकक आहे, ऊर्जेचे नव्हे, एवढे विद्यार्थ्यांच्या ध्यानात यावे.

आता चार चाकांच्या प्रश्नाकडे येऊ. मागच्या चाकांना ताकद पोहोचवायची तर गाडीखालून एक लांब दांडा, मागे दंतचक्रांचा संच आणि मध्ये जोडणी करणारा क्लच लागतो. या सर्वांचे वजन सदैव वाहावे लागते. मागच्या चाकांना ताकद मिळत नसतानाही यातले बरेच भाग फिरतच राहतात आणि तेल घुसळत राहतात. चिखल वर्षातून पंधरा दिवस, घुसळण मात्र बारमाही! याची किंमत २१.११ आणि १९.३८ या आकड्यांच्या फरकात दिसते. तो आहे १.७३.

पण १.७३ म्हणजे किती? इथे आपले एककच आपल्याला चकवते. ‘लिटरला किती किलोमीटर’ ऐवजी ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असे विचारा. २१.११ चे होतात ४.७४ लिटर आणि १९.३८ चे ५.१६ लिटर. फरक ०.४२ लिटर. वर्षाला १२००० किलोमीटर गाडी फिरली, तर सुमारे ५० लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर ५००० रुपये. आता एखादी जुनी, जड गाडी लिटरला १० किलोमीटर देते आणि ती ११.७३ देऊ लागली असे समजा. फरक तोच १.७३, बचत मात्र १०० किलोमीटरला १.४७ लिटर, म्हणजे साडेतीन पट! अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या संशोधकांनी हा भ्रम २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला होता. युरोपात १०० किलोमीटरला लिटर हीच पद्धत रूढ आहे. आपल्या जाहिरातींनी आणि आपल्या गणिताच्या उदाहरणांनीही ती उचलावी.

चाचणीचा आकडा तुलनेला चांगला, असे आम्ही वर म्हटले त्याचा प्रत्यय इथे येतो. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या जाहीर आकड्यापेक्षा जास्त पेट्रोल पितील, पण चार चाकांचा भार साधारण ८-९ टक्क्यांचा, हे अनुमान बऱ्याच अंशी टिकेल. आणि वातानुकूलनाचा गर्दीतला खर्च याच्या सहापट असू शकतो, हेही कळेल. तेव्हा पावसाळ्यात ज्याला खरोखर चिखलातून घर गाठायचे आहे त्याने पेट्रोलच्या भीतीने मागे हटू नये. आणि ज्याची गाडी वर्षभर डांबरी रस्त्यावरच धावणार आहे त्याने ‘घाटात सुरक्षित’ एवढ्या शब्दांवर भुलू नये. चारही चाकांना ताकद मिळाल्याने चढायला आणि चिखलातून निघायला पकड मिळते, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात.

आमचा मुख्य आक्षेप त्या दोन दशांश स्थळांवर आहे. १९.३८ असे लिहिणे म्हणजे दोन हजारात एक भाग इतकी अचूकता सुचवणे. चढ, वेग, ऊन आणि इंधन यांनी आकडा २०-३० टक्क्यांनी हलत असताना शेवटच्या ‘८’ ला काय अर्थ? प्रयोगशाळेत तो सार्थ अंक असेल; घराच्या अंगणात नाही.

दुसरा धोका शिक्षकांना सहज कळेल. प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे तीच राहिली की विद्यार्थी विषयाचा अभ्यास सोडून अपेक्षित प्रश्नसंच पाठ करतात. युरोपात नेमके हेच झाले. तिथल्या जुन्या चाचणीचे आकडे आणि प्रत्यक्षातील आकडे यांतली तफावत २००१ च्या सुमारास ९ टक्के होती, ती २०१५ पर्यंत ४० टक्क्यांवर गेली. अखेर २०१७ पासून तिथे १८०० सेकंदांची, ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जाणारी नवी चाचणी आली. अमेरिकेने २००८ च्या गाड्यांपासून वेगवान चालवणे, वातानुकूलन आणि कडाक्याची थंडी या तीन चाचण्यांची भर घातली. उघड लबाडीही झाली आहे : गाडीला रस्त्यावर होणाऱ्या रोधाची अयोग्य माहिती चाचणीला पुरवल्याचे मित्सुबिशी कंपनीने २०१६ साली जपानमध्ये कबूल केले, अशा गाड्या सव्वासहा लाख होत्या. पण लबाडी वेगळी आणि परिस्थितीतला फरक वेगळा. ‘सगळे आकडे खोटे असतात’ असे म्हणणारा आणि ‘छापले आहे म्हणजे मिळणारच’ असे म्हणणारा, दोघेही प्रयोग कसा झाला ते विचारायचे टाळतात. पहिला स्वतःला चिकित्सक समजतो एवढाच फरक.

ही चिकित्सा शाळेत करता येईल. शिक्षकांपैकी किंवा पालकांपैकी कोणाच्या गाडीची नोंद वर्गाने ठेवावी. टाकी पूर्ण भरायची, किलोमीटरचा आकडा टिपायचा, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरून लिटर टिपायचे. आधी चूक किती होईल ते काढू द्या. टाकी ‘पूर्ण’ भरण्यात अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. ८ लिटर भरले तर ही चूक ६ टक्क्यांची, ३० लिटर भरले तर दोन टक्क्यांच्या आत. म्हणजे सातारा-सांगलीच्या एका फेरीवरून चढ-उताराचा फरक ओळखता येणार नाही, चार चाकांचा भारही नाही. त्यासाठी बऱ्याच फेऱ्यांच्या नोंदी हव्यात. सरासरी काढताना एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागायचे. तेवढ्याच अंतरात चढताना १० आणि उतरताना २० मिळाले, तर सरासरी १५ येत नाही, १३.३ येते, हे मुलांना फळ्यावर नको, वहीतल्या नोंदींतून सापडू द्या.

आणि वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना ठेवा : रस्ता कोणता, माणसे किती, वातानुकूलन चालू की बंद, ऋतू कोणता. जाहिरातीतली जी ओळ बारीक असते ती या वहीत आकड्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत येईल. तसे झाले की आकडा एकटा बोलणार नाही. आपण कोणत्या परिस्थितीत जन्मलो हेही तो सांगेल.