एएन-३२ विमानांचे आधुनिकीकरण : एक चिकित्सा

भारतीय हवाई दलाच्या वाहतूक व्यवस्थेचा कणा मानल्या गेलेल्या एएन-३२ विमानांच्या आधुनिकीकरणासाठी २००९ साली युक्रेनशी करार झाला. १०५ विमानांपैकी ४० युक्रेनमध्ये व उर्वरित कानपूरच्या दुरुस्ती आगारात सुधारावयाची होती. विमानांचे आयुर्मान २५ वरून ४० वर्षांवर नेणे व कॉकपिटमधील उपकरणे अद्ययावत करणे, हे कराराचे उद्देश होत.

योजनेची दिशा योग्यच होती. तिची मर्यादा अंमलबजावणीत दिसते. २०१४ नंतर रशिया-युक्रेन संघर्षामुळे सुट्या भागांचा पुरवठा विस्कळीत झाला व कानपूरचे काम रेंगाळले. परिणामी एकाच ताफ्यात नवी व जुनी अशी दोन प्रकारची कॉकपिटे दीर्घकाळ राहिली. अशा स्थितीत वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा आणि देखभालीचा भार वाढतो.

३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाकडे निघालेले एएन-३२ कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. अवशेष सापडण्यास ११ जून उजाडला. अपघाताचे कारण काहीही असो, आपत्कालीन स्थाननिदर्शक यंत्र बदलणे हाही आधुनिकीकरणाचाच भाग होय. म्हणूनच अशा योजनेचे मूल्यमापन, ताफ्यातील शेवटच्या विमानापर्यंत ती केव्हा पोहोचली, या निकषावर व्हावयास हवे.