मुंबईची सहल आणि किल्लारीचा प्रश्न

नांदेड-लातूरकडच्या शाळांची मुंबईची सहल साधारणपणे एकाच साच्यातली असते. रात्रभर रेल्वे, सकाळी म्युझियम, दुपारी नेहरू विज्ञान केंद्र, मग तारांगण, संध्याकाळी चौपाटी आणि रात्री परतीची गाडी. काही शिक्षकमित्रांच्या आग्रहावरून आम्ही अशा एका सहलीबरोबर दिवसभर हिंडलो. नांदेडची मुले देवगिरी एक्स्प्रेसने आली होती, लातूरची लातूर-मुंबई गाडीने. बहुतेक मुले मुंबई प्रथमच पाहत होती. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून फी भरलेली घरेही त्यांत होती. एवढ्या खर्चातून आणि दगदगीतून मुलांच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मांडायला हवा. त्यात काही दोष प्रदर्शनांचे निघतील, काही सहल आखणाऱ्यांचे, म्हणजे आपलेच.

पहिला मुक्काम छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात होता. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात प्राचीन इराकमधल्या निमरूद येथील राजवाड्याचे असिरियन शिल्पपट आहेत. ते मूळ दगड आहेत, प्रतिकृती नाहीत. त्यांच्यासमोर दहा मिनिटे नुसते उभे राहावे अशा योग्यतेचे. आमच्या मुलांनी काय केले? वह्या काढल्या आणि दगडाखालची पाटी उतरवून घेतली. परत गेल्यावर सहलीचा वृत्तान्त लिहायचा होता ना! पाटी उतरवणारे मूल दगडाकडे पाहत नाही. हा दोष संग्रहालयाचा नाही, वृत्तान्ताचा आहे.

वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली सुरू झाले. काचेआडच्या वस्तूंपेक्षा हाताळायची उपकरणे हे अशा केंद्रांचे वैशिष्ट्य. मुले तिथे खुलली, हे मान्य केलेच पाहिजे. पण दोन तासांत सगळे उरकायचे असल्याने बटण दाबले, दिवा लागला, पुढे पळाले, असे होत राहिले. प्रयोग म्हणजे एक गोष्ट बदलून दुसरीत काय फरक पडतो ते पाहणे. त्यासाठी तेच उपकरण तीन-चार वेळा चालवावे लागते. रांगेत मागून ढकलणारे वीस जण असले की हे कसे जमणार?

दिवसभरात पाहिलेल्या एका दालनात भूकंपाची माहिती होती. कोणत्या ठिकाणी, ते महत्त्वाचे नाही, कारण अशी मांडणी सर्रास दिसते. जगाचा नकाशा, त्यावर भूपट्टांच्या लाल सीमारेषा, आणि पट्टांच्या कडांना भूकंप होतात अशी ओळ. औसा तालुक्यातली एक मुलगी तिथे थांबली. तिने विचारले, "सर, ह्यात लातूर कुठंय?" आम्ही बोट ठेवले. सर्वांत जवळची लाल रेषाही शेकडो किलोमीटर दूर होती. "मग आमच्या आजीचं घर कशानं पडलं?"

दिवसभरात ऐकलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतर गाव झोपलेले असताना, किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड धाबी कोसळून हजारो माणसे गेली. दालनातली ओळ चूक नव्हती. जगातले बहुसंख्य भूकंप पट्टांच्या कडांनाच होतात. पण बहुसंख्य म्हणजे सगळे नव्हेत. भारताचा पट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. या रेट्याचा ताण पट्टाच्या पोटातही साठत जातो आणि जुन्या कमकुवत जागी खडक फुटू शकतो. किल्लारीत तो जमिनीखाली फार खोल नसलेल्या जागी फुटला, म्हणून लहान परिसरात हानी प्रचंड झाली. नेमक्या त्याच जागी का, यावर संशोधकांत अजून चर्चा आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली नकाशा सुधारताना पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. विज्ञानाने आपली चूक कशी दुरुस्त केली, याचे याहून बोलके उदाहरण मराठवाड्यातल्या मुलाला दुसरे कोणते देणार? पण दालनात उत्तर होते, ते उत्तर कुठे अपुरे पडले ते नव्हते. आम्ही नसतो तर ती मुलगी काय समजून गेली असती? एक तर पाटी खोटी, नाही तर आजीची गोष्ट विज्ञानात न बसणारी.

म्हणजे उणीव आहे ती विचारता येईल अशा माणसाची. संग्रहालयाशेजारच्या जहांगीर कलादालनात ही मुले सर्वांत जास्त रमली, कारण तिथे चित्रकार स्वतः बसले होते आणि हा रंग कसा केला ते सांगत होते. सॅन फ्रान्सिस्कोला १९६९ साली फ्रँक ओपेनहायमर यांनी 'एक्सप्लोरेटोरियम' हे विज्ञान केंद्र काढले. तिथे पाहुण्यांशी बोलायला शाळा-कॉलेजातली मुलेच नेमली, आणि उपकरणे बनवण्याची कृती छापून इतरांना खुली केली. आपल्या केंद्रांनी हे करावे, असे आम्हाला वाटते. तोवर आपल्या हातात काय आहे?

पहिले, एका दिवसात फार तर दोन ठिकाणे. दुसरे, वृत्तान्त बंद. प्रत्येक मुलाने घरून एक प्रश्न न्यावा आणि येताना नवा एक आणावा. तिसरे, तयारी गावातच करावी. तारांगणात जाण्यापूर्वी एक नोंद करून पाहा. नांदेड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण नांदेड सुमारे साडेचार अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे नांदेडला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अठरा मिनिटे आधी मावळला पाहिजे. मुंबईतल्या नातेवाइकाला फोन करून मुलांना हे पडताळू द्या. मग घुमटाखालचे आकाश त्यांना सिनेमासारखे वाटणार नाही.

आणि मुंबई परवडत नसेल, तर लातूरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल असे तेर आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळच्या मातीच्या मूर्ती आहेत. त्या तितक्या जुन्या आहेत हे कशावरून ठरवले, हा एकच प्रश्न दिवसभर पुरेल.

औशाच्या त्या मुलीने परत गेल्यावर आजीला विचारून पडलेल्या घराचे चित्र काढले आहे. भिंत किती हात जाड होती, धाब्यावर किती माती होती, कोणती भिंत आधी पडली, सगळे त्यात लिहिले आहे. शेजारी पुनर्वसनातल्या घराचे चित्र आहे. तिच्या शिक्षकांनी ती दोन्ही चित्रे वर्गाच्या भिंतीवर लावली आहेत आणि इतर मुले आपापल्या घरची चित्रे आणू लागली आहेत. आम्ही पाहायला जाणार आहोत.