सौम्य रहस्यकथा : पाकगृह व ग्रंथालय

सौम्य रहस्यकथा : रहस्यकथेचा एक उपप्रकार. इंग्रजीत तो ‘कोझी’ या नावाने ओळखला जातो. हिंसेचे वर्णन पडद्याआड ठेवणे, परस्परांस ओळखणाऱ्या माणसांचा लहानसा समाज, व्यवसायाने पोलीस नसलेला शोधक आणि अखेरीस पूर्ववत होणारे लोकजीवन, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. खाद्यपदार्थ व ग्रंथप्रेम हे त्याचे दोन आवडते विषय असून, ते कथेत सजावट म्हणून येतात की पुरावा म्हणून, यावर अशा कथेची गुणवत्ता ठरते.

या प्रकाराची जडणघडण दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये झाली. ॲगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) हिने पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते. विषांचे तेथे मिळालेले ज्ञान तिने न्याहारीच्या टेबलापर्यंत आणले. ए पॉकेट फुल ऑफ राय (१९५३) मध्ये विष मार्मालेडमधून दिले जाते आणि मिस मार्पल ही वृद्धा घरातील मोलकरणीच्या स्वभावाच्या ओळखीवरून सत्यापर्यंत पोहोचते. याउलट द बॉडी इन द लायब्ररी (१९४२) मध्ये ग्रंथालय हे प्रेत सापडण्याचे स्थळ एवढेच राहते. डॉरोथी सेअर्स (१८९३–१९५७) हिचा लॉर्ड पीटर विम्झी दुर्मिळ ग्रंथांचा संग्राहक आहे. स्ट्राँग पॉयझन (१९३०) मधील उकल दोघांनी वाटून खाल्लेल्या ऑम्लेटपाशी होते. अमेरिकेत रेक्स स्टाउट (१८८६–१९७५) याने नीरो वुल्फच्या रूपाने खवय्या आणि वाचक एकाच व्यक्तीत आणला.

१९८० नंतर या प्रकाराला व्यवसायाची चौकट मिळाली. व्हर्जिनिया रिच हिची द कुकिंग स्कूल मर्डर्स (१९८२) आणि डायान मॉट डेव्हिडसन हिची केटरिंग टू नोबडी (१९९०) या कादंबऱ्या पाकव्यवहाराभोवती, तर कॅरोलिन हार्ट हिची डेथ ऑन डिमांड (१९८७) रहस्यकथांच्या दुकानाभोवती रचलेली आहे. पुस्तकात पाककृती छापण्याची प्रथाही याच काळात रूढ झाली. मात्र पाककृतीचा उकलीशी संबंध सुटला, की कथा सैल पडते. या प्रकारातील बऱ्याच लेखनाचा हा दोष आहे.

मराठीत ही दोन्ही द्रव्ये विपुल आहेत, पण त्यांचा संयोग क्वचितच झाला. हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर, तसेच गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर यांचे लोकप्रिय नायक घराबाहेर, धाडसाच्या मुलखात वावरतात. दुसरीकडे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांचे रुचिरा (१९७०) ही पुस्तके घरोघरी पोहोचली. हे दोन्ही प्रवाह वाचकाच्या हाती एकत्र आले, ते दिवाळीत. मनोरंजनच्या १९०९ च्या अंकापासून सुरू झालेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत पुढे धनंजयसारखे रहस्यकथांचे अंक निघाले आणि फराळाच्या ताटाशेजारी ते वाचले गेले. फराळ वाचकाच्या ताटात राहिला. कथेत तो साक्षीला आला नाही.

याचे एक कारण समीक्षेच्या दृष्टीत आहे. रहस्यकथा करमणुकीची आणि पाकलेखन उपयुक्ततेचे, अशी वर्गवारी करून दोन्ही साहित्यविचाराच्या कडेला ठेवली गेली. त्यामुळे गृहिणीचे ज्ञान तर्काचे साधन होऊ शकते, हे लक्षात आले नाही. वस्तुतः ते तसे आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात. आदल्या रात्री बेत ठरल्याचे सांगणारा मनुष्य येथेच उघडा पडतो. एकतारी पाक घट्ट होऊन दोनतारी झाला असेल, तर कढई आचेवर अधिक वेळ राहिली, हे जाणती स्त्री पाहताक्षणी ओळखते. ग्रंथालयातील देवघेवीची नोंद व पुस्तकावरील तारखेचा शिक्का हेही असेच मूक साक्षीदार होत.

अशा कथेला अनुकूल भूमी नाशिक परिसरात आढळते. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० मध्ये झाली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने ग्रंथपेट्या वाचकांच्या वस्तीत नेल्या. मुंबई–आग्रा महामार्गावर ओझरजवळ एका वृद्ध स्त्रीने उभारलेले भोजनगृह तर ‘पुस्तकांचे हॉटेल’ म्हणूनच प्रसिद्धीस आले. जेवण येईपर्यंत ग्राहकाने पुस्तक चाळावे, ही त्यामागील कल्पना. ताट, पुस्तक आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळणारी अनुभवी नजर ही सौम्य रहस्यकथेची तिन्ही अंगे येथे प्रत्यक्षात एकत्र आली आहेत. मराठी लेखकाने त्यांकडे केवळ स्थानिक रंग म्हणून पाहिल्यास परकीय नमुन्याचे अनुकरण तेवढे होईल. स्वयंपाकघर आणि वाचनालय यांतील ज्ञानाला पुराव्याचा मान दिल्यास मात्र या प्रकाराला स्वतंत्र मराठी रूप लाभू शकेल.