‘इथे राहत होते’: जर्मन केंद्रातली एक संध्याकाळ आणि आपलं अठ्ठेचाळीस साल



पेटची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलं, “दादा, विषय सापडत नाही, काय करावं?” त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण माझा विषय एका कार्यक्रमामुळे कसा बदलला, ते सांगतो. सांगता सांगता त्या कार्यक्रमाची थोडी चिकित्साही करतो, कारण एखादा कार्यक्रम ‘वाचता’ येणं हेही संशोधनाचंच काम आहे.

धर्माबादहून देवगिरीनं मुंबईला गेलो, की दिवसभर माझा मुक्काम एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात असतो. संध्याकाळी ते बंद झालं, की चार पावलांवर काळा घोडा. तिथंच जहांगीर आर्ट गॅलरीजवळ मॅक्स म्युलर भवन आहे. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन सांस्कृतिक संस्थेच्या भारतातल्या केंद्रांचं हे नाव. चित्रप्रदर्शन, सिनेमा, व्याख्यान, इतिहासावरची चर्चा असं काही ना काही तिथे चालू असतं.

त्या दिवशी विषय होता ‘श्टोल्परश्टाइन’चा, म्हणजे ठेच लागणारे दगड. गुंटर डेमनिग या जर्मन कलावंतानं 1992 साली कोलोनमध्ये हे काम सुरू केलं. नाझी राजवटीत ज्यांना घरातून उचलून नेलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर फुटपाथवर दहा सेंटिमीटरची पितळी पाटी बसवायची. त्यावर बहुतेक वेळा सुरुवातीचे शब्द तेच: ‘इथे राहत होते’. मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, पुढे काय झालं. आज युरोपभर अशा एक लाखाहून जास्त पाट्या आहेत.

यातली ताकद कशात आहे? पुतळा चौकात असतो. आपण मान वर करून बघतो आणि पुढे जातो. ही पाटी पायाखाली असते आणि वाचायला वाकावं लागतं. दुसरं म्हणजे ती आकडा सांगत नाही, पत्ता सांगते. साठ लाख हा आकडा डोक्यात मावत नाही. ‘या घरात राहत होते’ हे मात्र मावतं. आणि पत्ता सांगितला, की शेजारीही आलेच. त्यांनी काय पाहिलं, हा प्रश्न पाटी न विचारता विचारते. कलाकृती म्हणून मला हे फार मोठं वाटतं.

आता दुसरी बाजू. अशा कार्यक्रमातून उठताना मनात येतं, जर्मन लोक किती प्रामाणिक! इथं सावध व्हायचं. गोएथे इन्स्टिट्यूट जर्मन सरकारच्या पैशावर चालतं. परदेशात आपल्या देशाची ओळख करून देणं हे तिचं कामच आहे, आणि भूतकाळाची कबुली हाही आज त्या ओळखीचा भाग आहे. म्हणून कबुली खोटी ठरत नाही. पण कोणती कबुली किती उशिरा आली, हे बघावं लागतं. आजच्या नामिबियात 1904 ते 1908 या काळात जर्मन वसाहती फौजेनं हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. त्याला ‘वंशसंहार’ म्हणायला जर्मन सरकारला 2021 साल उजाडलं. खुद्द केंद्राचं नावच बघा. मॅक्स म्युलर आयुष्यात कधी भारतात आले नाहीत. त्यांच्या ऋग्वेदाच्या आवृत्तीला पैसा दिला ईस्ट इंडिया कंपनीनं. म्हणून त्यांची विद्वत्ता कमी होत नाही, पण ज्ञान, पैसा आणि सत्ता एकाच पाटीवर कशी बसतात ते दिसतं.

तर कुठलाही कार्यक्रम बघताना चार प्रश्न वहीत लिहून ठेवा: बोलतंय कोण? खर्च कुणाचा? भाषा कुणाची? आणि कशाबद्दल बोललं जात नाहीये?

तिसऱ्या प्रश्नावर मी जरा थांबतो, कारण त्याचं एक चांगलं उत्तर पुण्यात सापडतं. बर्लिनचं ग्रिप्स थिएटर मुलांसाठी नाटकं करतं. त्यात राजा-राणी नाही, पऱ्या नाहीत. घरातली, शाळेतली, रस्त्यावरची रोजची भांडणं असतात आणि मुलांची कामं मोठी माणसं करतात. डॉ. मोहन आगाशे यांनी ही पद्धत मॅक्स म्युलर भवनाच्या साथीनं पुण्यात आणली. 1986 साली श्रीरंग गोडबोले यांनी मराठीत आणलेलं ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ रंगमंचावर आलं. ही चळवळ पुढे टिकली, कारण ती ‘जर्मन नाटक बघा’ म्हणून आली नाही. पोरं मराठी, घर मराठी, ओरडणारे बाबाही मराठी. म्हणजे उसनी घेतली ती रीत, गोष्ट नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कलेच्या बाबतीत आपण जे केलं ते इतिहासाच्या बाबतीत केलं नाही. नाटकाची रीत आणली. आठवणीची रीत मात्र खुर्चीत बसून बघितली, टाळ्या वाजवल्या आणि घरी आलो.

हे मला माझ्या हुशारीनं सुचलं नाही बरं का. कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंनी विचारलं, “तुम्ही कुठले?” म्हटलं, “धर्माबाद, नांदेड जिल्हा.” त्या म्हणाल्या, “म्हणजे निजामाचं राज्य. तुमच्याकडे अठ्ठेचाळीस साली काय झालं होतं?”

मी सतरा सप्टेंबरचं भाषण सुरू केलं. हुतात्मा गोविंदराव पानसरे यांचा 1946 साली अर्जापूरजवळ झालेला खून, रझाकारांचे अत्याचार, उमरीची बँक, स्वामी रामानंद तीर्थ, मग पोलीस ॲक्शन आणि मुक्ती. सगळं खरं आहे, अभिमानाचं आहे. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आणि ॲक्शननंतर?”

मी गप्प. माहीत नव्हतं असं नाही. पंडित सुंदरलाल समितीबद्दल मी वाचलं होतं. 1948 च्या अखेरीस केंद्र सरकारनंच पाठवलेली ही समिती. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर हैदराबाद संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. त्यात बहुतांश मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपलं नांदेड. आजचं लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. मी तो वाचला होता तो परीक्षेसाठी, आकडा म्हणून. पत्ता म्हणून कधी वाचला नाही.

घरी येऊन आजीला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “कशाला उकरायलास ते? झालं गेलं.” मग जरा वेळानं स्वतःच म्हणाली, “लोक होते की आपल्याच गल्लीत.” त्यापुढं काही बोलली नाही. मीही रेटलं नाही. मुलाखतीचं शास्त्र शिकताना हेही शिका, की समोरच्याचं गप्प बसणंही नोंदवायचं असतं, फोडायचं नसतं.

माझा विषय होता धर्माबादची मिरचीची बाजारपेठ. तो तसाच आहे, फक्त प्रश्न बदलला. आधी विचारत होतो, बाजार वाढला कसा? आता विचारतो, 1948 च्या आधी दुकानं कुणाची होती, नंतर कुणाची झाली, आणि जी नावं गेली ती कुठं गेली? कदाचित काहीच सापडणार नाही. कदाचित बहुतेक नावं जागच्या जागी असतील. तेही उत्तरच आहे. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात उर्दू कागद वाचायचे म्हणून सध्या उर्दू शिकतोय. अलिफ-बे झालंय, शिकस्ता लिपीनं मात्र घाम फोडलाय.

एक भीतीही सांगतो. असा विषय घेतला, की दोन्हीकडचे लोक विचारतात, “तू कुणाच्या बाजूचा?” रझाकारांनी मारलेल्यांची नावं लिहिली तर एक गट खूश, ॲक्शननंतर मेलेल्यांची लिहिली तर दुसरा. पितळी पाटीकडून शिकायचं ते हेच. ती आधी सांगते की इथे कोण राहत होतं. बाजू नंतर येते, आणि एकाचं नाव लिहिल्यानं दुसऱ्याचं पुसलं जात नाही. पानसऱ्यांची आठवण ठेवणारं गाव आणखी काही नावं ठेवू शकतं, एवढा विश्वास मला माझ्या गावावर आहे.

तेव्हा विषय सापडत नसेल तर दूरच्या गोष्टी जरूर बघा, ऐका. फक्त परत येताना तिथला विषय उचलून आणू नका, तिथली रीत आणा. आणि सिनॉप्सिस लिहायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, आपल्या गल्लीत आधी कोण राहत होतं?

पुढच्या पोस्टमध्ये मौखिक मुलाखतीची संमती कशी घ्यायची, ते बघू.