जॅझ ध्वनिमुद्रिका : नायक व सहवादक

जॅझ संगीताची ध्वनिमुद्रिका सामान्यतः वाद्यवृंदाच्या नायकाच्या नावाने ओळखली जाते. तथापि या संगीतात लिखित रचनेपेक्षा वादनसमयी स्फुरणाऱ्या विस्ताराला अधिक महत्त्व असल्यामुळे वेष्टनावरील नाव व प्रत्यक्ष कर्तृत्व यांची सांगड नेहमीच सरळ बसत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकार स्वरलिपी लिहितो आणि वादक ती वाजवितो. हिंदुस्थानी मैफलीत मुख्य कलावंत व साथीदार यांच्या पायऱ्या बहुधा ठरलेल्या असतात. जॅझमधील सहवादक या दोहोंहून वेगळा आहे. मूळ धून संपली, की पुढील आवर्तनांचा रचनाकार तोच असतो आणि पाळी संपताच तो पुन्हा इतरांच्या साथीला येतो. म्हणून नायकाची योग्यता केवळ त्याच्या वादनावरून ठरविता येत नाही. त्याने कोणाला निवडले, त्यांना किती मोकळे सोडले आणि रचनेखाली कोणाचे नाव घातले, हेही पाहावे लागते.

या दृष्टीने माइल्स डेव्हिस (१९२६–९१) या ट्रम्पेटवादकाची काइंड ऑफ ब्ल्यू (१९५९) ही ध्वनिमुद्रिका विशेष अभ्यसनीय आहे. न्यूयॉर्क येथे २ मार्च व २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी तिचे मुद्रण झाले. जॉन कोल्ट्रेन (टेनर सॅक्सोफोन), कॅननबॉल ॲडर्ली (आल्टो सॅक्सोफोन), बिल इव्हान्स (पियानो), पॉल चेंबर्स (डबल बास) व जिमी कॉब (ड्रम) हे तिचे सहवादक. भराभर बदलणाऱ्या स्वरसंघातांऐवजी एखादीच स्वरश्रेणी दीर्घकाळ धरून तिच्यावर विस्तार करावयाचा, हे तिचे सूत्र होते. वादकांच्या हाती मोजकीच टिपणे देण्यात आली. ‘फ्लॅमेंको स्केचेस’ या रचनेत तर निश्चित धूनच नाही. पाच स्वरश्रेणी ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर किती वेळ रेंगाळावयाचे, हे वादकाने ठरवावयाचे. ‘सो व्हॉट’ची धून डबल बासकडे आहे व इतर वाद्ये तिला केवळ प्रत्युत्तर देतात. कोल्ट्रेनचे तळमळणारे, ॲडर्लीचे उल्हसित व डेव्हिसचे मितभाषी वादन एकाच चौकटीत शेजारी शेजारी ऐकू येते. कोणीही दुसऱ्यासारखे वाजवीत नाही, आणि डेव्हिसनेही तशी अपेक्षा ठेवलेली दिसत नाही.

वाद्यवृंद सोडून गेलेल्या इव्हान्सला डेव्हिसने या मुद्रणासाठी मुद्दाम परत बोलाविले होते. त्या वेळी वाद्यवृंदाचा नेहमीचा पियानोवादक विंटन केली हा होता. त्याला ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ही एकच रचना मिळाली. ब्ल्यूज घाटाच्या त्या रचनेस केलीचे रांगडे, ठसकेबाज वादन हवे आणि उरलेल्यांस इव्हान्सचे धूसर स्वरसंवाद हवेत, हे डेव्हिसने अचूक ओळखले. श्रेयाच्या बाबतीत मात्र त्याने अशी दृष्टी दाखविली नाही. पाचही रचना त्याच्या एकट्याच्या नावावर प्रसिद्ध झाल्या. ‘फ्लॅमेंको स्केचेस’चा आरंभ इव्हान्सच्या ‘पीस पीस’ (१९५८) या रचनेतून आला आहे, तर ‘ब्ल्यू इन ग्रीन’ आपली असल्याचे इव्हान्स सांगत असे. ती ऐकताना त्याचे म्हणणे पटण्याजोगे वाटते.

सम्थिंग एल्स (१९५८) या ध्वनिमुद्रिकेत भूमिका उलट्या आहेत. नायक म्हणून नाव ॲडर्लीचे व डेव्हिस सहवादक. परंतु रचनांची निवड आणि एकंदर संयत वातावरण यांवर छाप आहे ती सहवादकाचीच. नेफरटिटीमध्ये (मुद्रण १९६७) पुन्हा डेव्हिस नायक आहे, पण सहांपैकी एकही रचना त्याची नाही. वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉक व टोनी विल्यम्स या सहवादकांच्या रचना त्यांच्याच नावांनी दिल्या आहेत. शीर्षकरचनेत ट्रम्पेट व सॅक्सोफोन तीच धून पुनःपुन्हा वाजवितात आणि खालचा ताल सतत रूप बदलत राहतो. येथे साथ हाच मुख्य विस्तार आहे. नायकाने इतके मागे सरल्याची उदाहरणे जॅझमध्ये थोडीच सापडतील.

चार्ल्स मिंगस (१९२२–७९) याची रीत वेगळी. तो वादकांना आपली रचना पुष्कळदा कागदावर न देता गाऊन वा पियानोवर वाजवून शिकवीत असे. त्यामुळे मिंगस आह अम (१९५९) मधील सामूहिक वादनास एखाद्या प्रार्थनासभेतील उत्स्फूर्तता आली आहे. त्याच्या कडक शिस्तीला हिंसक बाजूही होती. ट्राँबोनवादक जिमी नेपर याच्या तोंडावर त्याने १९६२ मध्ये ठोसा मारला व प्रकरण न्यायालयात गेले. फुंकवाद्य वाजविणाऱ्याच्या दाताला इजा होणे म्हणजे उपजीविकेलाच धक्का. थिलोनिअस मंकच्या ब्रिलियंट कॉर्नर्सची (१९५७) शीर्षकरचना इतकी अवघड होती, की पंचवीस प्रयत्नांनंतरही ती सलग साधली नाही. अखेर तुकडे जोडून ती सिद्ध करावी लागली. याउलट कोल्ट्रेनची ए लव्ह सुप्रीम (मुद्रण ९ डिसेंबर १९६४) एकाच सायंकाळी पूर्ण झाली. मॅकॉय टायनर, जिमी गॅरिसन व एल्विन जोन्स यांचा त्याच्याशी जुळलेला सहवासच त्यास कारण होय.

डेव्ह ब्रूबेकच्या टाइम आउटमधील (१९५९) सर्वांत लोकप्रिय रचना ‘टेक फाइव्ह’ ही पॉल डेझमंड या सहवादकाची असून ती त्याच्याच नावावर आहे. पुढे तिच्या वादनाचे मानधन त्याने मृत्युपत्राद्वारे अमेरिकन रेडक्रॉसला दिले.

श्रेयाचा हा प्रश्न मुंबईलाही अपरिचित नाही. हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांतून हिंदी चित्रपटसंगीतात आलेल्या गोमंतकीय वादकांनी तेथील वाद्यमेळाची घडण केली. ताजमहाल हॉटेलात वाजविणारा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हा सी. रामचंद्र यांचा साहाय्यक होता. अलबेलात (१९५१) तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. अशा वादकांची व संयोजकांची नावे श्रेयनामावलीत मात्र क्वचितच आली.

सहवादकांचा स्वभाव ओळखून लिहिण्यात ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) अद्वितीय होता. अमुक वाद्यासाठी नव्हे, तर अमुक माणसासाठी तो स्वररचना करी. ‘कन्सर्टो फॉर कूटी’ (१९४०) हे नावच त्याची साक्ष देते. सहवादकांनी सहज वाजविलेल्या लकेरींतून त्याची कित्येक गीते उभी राहिली आणि त्याबद्दल जॉनी हॉजेससारख्यांच्या मनात अढीही होती. १९३९ पासून त्याच्याबरोबर असलेल्या बिली स्ट्रेहॉर्नचा (१९१५–६७) वाटा कोठे संपतो व एलिंग्टनचा कोठे सुरू होतो, हे सांगणे अनेक रचनांत अवघड आहे. १९६३ च्या भारतासह पूर्वेकडील दौऱ्यावरून सुचलेल्या फार ईस्ट स्वीटवर (१९६७) दोघांचीही नावे आहेत. स्ट्रेहॉर्नच्या मृत्यूनंतर एलिंग्टनने त्याच्या रचनांची अँड हिज मदर कॉल्ड हिम बिल ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका केली. रुग्णालयात लिहून पूर्ण केलेली ‘ब्लड काउंट’ ही स्ट्रेहॉर्नची अखेरची रचना तीत हॉजेसने वाजविली आहे. मुद्रण आटोपून वादक सामान आवरीत असता एलिंग्टन पियानोवर एकटाच ‘लोटस ब्लॉसम’ वाजवू लागला. ध्वनियंत्र चालूच होते. प्रारंभी मागे वादकांचे बोलणे ऐकू येते, ते हळूहळू थांबते.