‘फ्लाय अवे होम’ : दाखवावा, पण मध्ये थांबवून

मुलांना विज्ञानाची गोडी लागेल असा चित्रपट सुचवा, असे शिक्षक विचारतात तेव्हा कॅरोल बॅलार्ड यांचा १९९६ सालचा ‘फ्लाय अवे होम’ मला हमखास आठवतो. आई गमावलेली एमी कॅनडात वडिलांकडे येते, तिथे हंसांची अनाथ अंडी उबवते आणि पिल्ले तिलाच आई मानतात. त्यांना दक्षिणेची वाट दाखवण्यासाठी ती आणि वडील हलक्या विमानांतून पुढे उडतात. कॉनराड लॉरेन्झ यांनी अभ्यासलेले पिल्लांचे हे वर्तन चित्रपटाने सुरेख दाखवले आहे. कथेला आधारही खरा आहे : १९९३ मध्ये बिल लिशमन यांनी ऑन्टारिओहून व्हर्जिनियाला असेच हंस नेले होते.

माझी तक्रार पक्ष्यांविषयी नाही, विमानाविषयी आहे. एमीचे यान ‘ट्राइक’ प्रकारचे आहे. वर कापडी त्रिकोणी पंख, खाली लोंबणारी तीनचाकी गाडी, तिच्यावर आसन आणि इंजिन. याला शेपूट नसते. वैमानिक हातातल्या आडव्या दांडीने पंखाच्या संदर्भात आपले व गाडीचे वजन पुढेमागे किंवा बाजूला सरकवतो. त्यावरच वेग आणि दिशा ठरते. एमी हे सारे मोजक्या दृश्यांत शिकते. धैर्य आणि प्रेम असले की पुरे, असा समज मुलांच्या मनात राहतो.

इथे चित्रपट थांबवावा आणि एक प्रयोग करावा. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, पाणी भरा. धार लागली की बाटली उंचावरून सोडून द्या. पडताना धार थांबते, कारण पाणी आणि बाटली एकाच त्वरणाने पडतात. पाण्याचा भार बाटलीवर राहत नाही. आता ट्राइकचा विचार करा. त्याचे सारे नियंत्रण वजनाच्या ओढीवर चालते. नाक फार वर करून वेग गमावला, किंवा हवेच्या झोताने यान क्षणभर भारहीन झाले, तर सरकवायला ‘वजन’च उरत नाही. नाक झपकन खाली जाते आणि यान पुढच्या बाजूने कोलांट्या घेऊ लागू शकते. ही फिरकी आवरायला शेपूट नाही. कोलांट्या सुरू झाल्यावर त्यातून सुटण्याची खात्रीची रीत नाही. पंखाचा सांगाडा मोडू शकतो. म्हणून अशा यानांना कसरती वर्ज्य असतात.

दुसरी मर्यादा फळ्यावर मांडता येते. उंची कायम ठेवून ६० अंश कलून वळताना पंखावरचा भार दुप्पट होतो. यान आणि माणूस मिळून ३०० किलो असतील, तर नळ्या, तारा आणि कापड यांना ६०० किलोचा भार पेलावा लागतो. पंखाची उचल तुटण्याचा वेगही सुमारे १.४ पट वाढतो. आणि कापड व त्याची शिवण उन्हाने हळूहळू कमकुवत होतात. जुना पंख नव्यासारखाच दिसतो, पण तितका भार पेलेलच असे नाही.

चित्रपटात धुके आहे, वडिलांचे यान कोसळून त्यांना झालेली इजाही आहे. म्हणजे धोका लपवलेला नाही. पण तो नशिबाच्या फेऱ्यासारखा येतो. त्यामागचे कारण कळत नाही. शिवाय खऱ्या उड्डाणातला मोठा भाग गाळला आहे, तो म्हणजे वाट पाहणे. २००१ मध्ये ‘ऑपरेशन मायग्रेशन’च्या वैमानिकांनी ट्राइकमागून दुर्मीळ हूपिंग क्रेन पक्षी विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेले. अंतर सुमारे २,००० किलोमीटर. ताशी ६० किलोमीटर वेग धरला तर हे ३३ तासांचे उड्डाण. प्रत्यक्षात प्रवासाला सुमारे सात आठवडे लागले. वारा अनुकूल नसला की यान जमिनीवरच राही.

म्हणून मुलांना शेवटी विचारावे : आज उडायचे नाही, हे एमीला कोणी आणि कशावरून सांगायला हवे होते? माझ्या मते खरा वैमानिक त्या उत्तरातून घडतो. हा प्रश्न चित्रपटाने विचारलेला नाही. तो आपण वर्गात विचारला, तर चित्रपट दाखवण्याचे सार्थक होईल.